शिकारीचा बाण : धार, हलाल आणि एहसान

इस्लामची शिकवण नमाज, रोजा, जकात आणि हज यांपुरती मर्यादित नाही. माणसाच्या हातून होणाऱ्या प्रत्येक कृतीला ती नियम घालून देते आणि त्या नियमामागे दयेचा हेतू ठेवते. मुक्या जनावराचा प्राण घेणे ही अशा कृतींपैकी अत्यंत जबाबदारीची कृती होय. अन्नासाठी धनुष्याने शिकार करणाऱ्याने बाणाला कोणते पाते लावावे, हा प्रश्न वरकरणी हत्यारांच्या दुकानातला वाटतो. परंतु विचार केल्यास लक्षात येईल की, मांस हलाल ठरणे आणि जनावराच्या यातना कमी होणे या दोन्ही गोष्टी पुष्कळ अंशी त्या पात्यावर अवलंबून असतात. प्रस्तुत पाठात आपण हाच विषय पाहणार आहोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. ब्रिटनमध्येही १९८१ च्या कायद्यान्वये धनुष्याने वन्य प्राणी मारणे हा गुन्हा आहे. ज्या देशात आपण राहतो तेथील असे निर्बंध पाळणे आपले कर्तव्य आहे. मात्र अमेरिका, कॅनडा, दक्षिण आफ्रिका अशा देशांत परवाना घेऊन ठरावीक हंगामात धनुष्याने शिकार करता येते. तेथे मुस्लिम वस्ती आहे. दक्षिण आफ्रिकेत तर आपल्या कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. त्यांच्यासाठी हा प्रत्यक्ष आचरणाचा विषय आहे. आपल्यासाठी यातील धडा कोणता, हे लेखाच्या शेवटी येईल.

शरीअतचा मूलभूत नियम

सूरह अल्-माइदाच्या तिसऱ्या आयतीत निषिद्ध मांसाची यादी आहे. मेलेले जनावर, वाहते रक्त व डुकराचे मांस यांबरोबरच गळा आवळून मेलेले, आघाताने मेलेले, उंचावरून पडून मेलेले आणि शिंग लागून मेलेले जनावर यांचाही त्यात समावेश आहे. आघाताने मेलेल्या जनावरास अरबीत ‘मौकूजा’ म्हणतात. काठी, दगड किंवा अन्य बोथट वस्तूच्या माराने ज्याचा जीव गेला, ते मौकूजा. त्याच सूरहच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या जनावरांकरवी केलेली शिकार अल्लाहचे नाव घेण्याच्या अटीवर हलाल ठरविली आहे.

बाणाच्या बाबतीत या दोन्ही आज्ञा कशा लागू होतात, हे हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांच्या हदीसवरून कळते. हजरत अदी (रजि.) हे दानशूर म्हणून जगप्रसिद्ध असलेल्या हातिम ताईचे पुत्र. त्यांना शिकारीचा छंद होता आणि त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना त्याविषयी अनेक प्रश्न विचारले. त्यांतील एक प्रश्न ‘मिअराज’विषयी होता. मिअराज म्हणजे पिसे नसलेला जाड बाण किंवा टोकदार लाकूड. असे हत्यार कधी टोकाने लागते, तर कधी आडवे आदळते. प्रेषितांनी (स.) दिलेल्या उत्तराचा आशय असा की, ते धारेने लागून शरीर भेदले गेले असेल तर खावे. ते आडवे लागून जनावर मेले असेल तर खाऊ नये, कारण ते आघाताने मेलेले आहे. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

येथे लक्षात घ्यावे की हत्यार तेच, नेम धरणारा तोच आणि जनावरही तेच. तरीही एका स्थितीत मांस हलाल आहे आणि दुसऱ्या स्थितीत हराम. फरक आहे तो धारेचा. जखम कापून वा भेदून झाली की मार बसून, यावर निर्णय ठरतो. हजरत राफेअ बिन खदीज (रजि.) यांच्या हदीसमध्येही हेच तत्त्व आहे. जे रक्त वाहवील आणि ज्यावर अल्लाहचे नाव घेतले गेले असेल ते खाण्यास अनुमती आहे, मात्र दात आणि नख यांनी केलेली कत्तल वर्ज्य आहे.

एहसान म्हणजे काय?

हलाल ठरणे ही पहिली पायरी झाली. इस्लाम तेथे थांबत नाही. हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांनी सांगितलेल्या आणि सहीह मुस्लिममध्ये आलेल्या हदीसनुसार अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे उत्तम रीतीने कार्य करणे, बंधनकारक केले आहे. जीव घेतानाही तो उत्तम रीतीने घ्यावा, सुरी धारदार करावी आणि जनावरास आराम द्यावा, असा तिचा आशय आहे. जिवंत प्राण्यास नेमबाजीचे लक्ष्य बनविण्यास प्रेषितांनी (स.) सक्त मनाई केली. बोटांनी खडे मारण्यासही त्यांनी मनाई केली, कारण त्याने शिकार होत नाही, केवळ दात मोडतो किंवा डोळा फुटतो. ज्या हत्याराने काम तडीस जात नाही, फक्त इजा होते, ते जनावरावर चालवू नये हा बोध यातून मिळतो.

बाण जीव कसा घेतो?

बंदुकीची गोळी अतिवेगाने शिरते आणि आजूबाजूच्या मांसपेशी फाडते. बाणाचा वेग त्या मानाने फार कमी असतो. तो केवळ कापून आणि रक्त वाहवून जीव घेतो. पाते तीक्ष्ण असेल तर रक्तवाहिन्या स्वच्छ कापल्या जातात. बोथट असेल तर त्या बाजूला सरकतात, चिरडल्या जातात आणि रक्त लवकर गोठू लागते. मग जखमी जनावर दूर पळते आणि तासन्‌तास तडफडते. बाण छातीच्या पोकळीतून, दोन्ही फुप्फुसांतून किंवा हृदयातून आरपार गेला, तर हरिण बहुधा थोडे अंतर धावून लवकरच कोसळते. म्हणून जाणकार शिकारी जनावराची कूस समोर असताना किंवा ते किंचित पाठमोरे असतानाच, पुढच्या पायाच्या मागील भागावर नेम धरतो आणि आपल्या सरावाच्या टप्प्याबाहेर बाण सोडत नाही.

पात्याची निवड

मोठ्या जनावरासाठी बाणाला जे रुंद, धारदार टोक लावतात त्यास ‘ब्रॉडहेड’ म्हणतात. त्याचे मुख्यतः तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार स्थिर पात्यांचा. यात पाती पक्की बसविलेली असतात आणि हलणारा भाग नसतो. टोकापासूनच धार असलेले दोन पात्यांचे टोक त्वचेला लागताक्षणी कापू लागते आणि खोल जाते. एल्क किंवा मूस यांसारख्या जाड हाडांच्या मोठ्या हरिणांसाठी अनुभवी शिकारी बहुधा हेच पसंत करतात. मात्र रुंद पात्यांवर वारा काम करतो. धनुष्य आणि बाण यांचा मेळ नीट नसेल तर बाण भरकटतो.

दुसरा प्रकार बदलत्या पात्यांचा. पाती स्थिरच, पण बोथट झाली की काढून नवी बसविता येतात. धार लावण्याचे कौशल्य नसणाऱ्यास हा प्रकार सोयीचा.

तिसरा प्रकार उघडणाऱ्या पात्यांचा. उडताना पाती मिटलेली असतात आणि लागताच उघडतात. बाण सरळ जातो आणि जखम रुंद, काही टोकांच्या बाबतीत दोन इंच म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर होते. परंतु पाती उघडण्यात बाणाची काही शक्ती खर्च होते. हाडावर किंवा तिरके लागल्यास ती नीट न उघडण्याची शक्यता असते. कमी ताकदीच्या धनुष्यासाठी आणि अवाढव्य जनावरासाठी हा प्रकार योग्य नव्हे.

वजनाचे माप ‘ग्रेन’मध्ये सांगतात. १०० ग्रेन (सुमारे ६.५ ग्रॅम) आणि १२५ ग्रेन (सुमारे ८ ग्रॅम) ही टोके सर्वाधिक वापरली जातात. बाण जड असेल तर तो संथ जातो, पण लागल्यावर खोल शिरतो. दक्षिण आफ्रिकेत वन्य जनावरांवरील बाणांचा दीर्घ अभ्यास करणारे डॉ. एड ॲशबी यांनी मोठ्या हाडांसाठी एकूण सुमारे ६५० ग्रेन (४२ ग्रॅम) वजनाचा बाण, भक्कम जोड आणि अरुंद, लांबट पाते यांचा आग्रह धरला. अमेरिकेत कोलोरॅडो, वॉशिंग्टन यांसह अनेक राज्यांत मोठ्या जनावरासाठी टोकाची रुंदी किमान ७/८ इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर असावी लागते. मागे काटे असलेल्या टोकांना कित्येक ठिकाणी बंदी आहे, कारण असा बाण वाचलेल्या जनावराच्या अंगात अडकून राहतो.

आता हे प्रकार शरीअतच्या कसोटीवर पाहू. बोथट, गोल टोकाचा बाण छोट्या शिकारीसाठी विकला जातो. तो केवळ धक्क्याने मारतो. त्याने मेलेले जनावर मौकूजा होय आणि ते हराम आहे. सरावाचे साधे अणकुचीदार टोक शरीर भेदते, म्हणून त्याचा निर्णय बोथट टोकासारखा नाही. परंतु त्याने रक्त फारसे वाहत नाही आणि मोठे जनावर दीर्घकाळ तडफडते. हे एहसानच्या विरुद्ध आहे. टोकाला विष लावणेही वर्जावे, कारण विषाने जीव जाण्यास हातभार लावला असेल तर फिकहच्या विद्वानांनी ते मांस निषिद्ध मानले आहे. ब्रॉडहेडच्या तिन्ही प्रकारांनी शरीर कापले जाते, म्हणून मांसाच्या दृष्टीने तिन्ही चालतात. त्यांतून निवड करताना पाहावयाचे ते इतकेच की, आपल्या धनुष्याच्या ताकदीने आणि समोरच्या जनावराच्या आकारमानाने कोणते पाते निश्चितपणे आरपार जाईल.

पाते कोणतेही असो, धार मात्र तपासलीच पाहिजे. ताणलेले रबर धारेवर हलके टेकवताच तुटले पाहिजे, ही शिकाऱ्यांची सोपी कसोटी आहे. ज्या पात्याने सराव केला ते धार लावल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय शिकारीस वापरू नये. नवे विकत आणलेले पातेही तपासून घ्यावे.

बाण सोडताना आणि सोडल्यानंतर

बाण सोडताना ‘बिस्मिल्लाह’ म्हणावे. जाणूनबुजून सोडल्यास हनफी मतानुसार शिकार हलाल राहत नाही. विसरल्यास माफी आहे. शाफई मतानुसार, ज्याचे कोकणातील बहुसंख्य मुस्लिम अनुयायी आहेत, ते म्हणणे सुन्नत आहे. हनफी विद्वानांनी येथे एक सूक्ष्म भेद सांगितला आहे. जबह करताना अल्लाहचे नाव जनावरावर घेतले जाते, तर शिकारीत ते बाणावर घेतले जाते. म्हणून एका बाणावर नाव घेऊन तो बाजूला ठेवला आणि दुसरा सोडला, तर पुन्हा नाव घ्यावे लागते. ज्या बाणावर अल्लाहचे नाव घ्यायचे त्याची धार निष्काळजीपणे सोडून देणे शोभेल काय?

जनावर जिवंत सापडल्यास त्वरित विधिवत जबह करणे आवश्यक आहे. म्हणून जवळ धारदार सुरी हवीच. ते पाण्यात बुडालेले आढळले तर खाऊ नये, कारण जीव बाणाने गेला की पाण्याने हे सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सापडले आणि त्यावर आपल्याच बाणाची खूण असेल, दुसरे कारण दिसत नसेल, तर हजरत अदी (रजि.) यांच्या हदीसनुसार अनुमती आहे. मात्र हनफी फिकहनुसार शोध सोडून दिलेला नसावा. बाण पोटात लागल्यास शिकारी जनावराने आणखी दूर पळू नये म्हणून कित्येक तास थांबतात. हे थांबणे शोधाच्याच हेतूने असावे, अन्य कामात गुंतून जाणे नसावे. याविषयी आपल्या आलिमांचा सल्ला आधीच घ्यावा. त्याहून चांगले म्हणजे अशी वेळच येणार नाही असा नेम आणि असे पाते निवडावे. खात्री नसेल तर बाण भात्यातच ठेवावा. रिकाम्या हाताने परतण्यात कसलाही कमीपणा नाही.

आपल्यासाठी धडा

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती कधीही धनुष्य येणार नाही. परंतु ईदुल-अज्हाला अनेकांच्या हाती सुरी येते. जो नियम बाणाच्या पात्याला, तोच त्या सुरीला. वर्षभर स्वयंपाकघरात पडून असलेली सुरी ऐनवेळी काढणे, जनावरासमोर धार लावणे, एका जनावरादेखत दुसऱ्याची कुर्बानी करणे, नवशिक्याने हौसेखातर सुरी हाती घेणे, हे सारे एहसानच्या शिकवणीशी विसंगत आहे. धार आदल्या दिवशी लावून ठेवावी, कसोटी घ्यावी आणि ज्याचा हात सरावलेला आहे त्याच्याकडेच हे काम सोपवावे.

जनावराच्या यातना किती होतील, हे बहुतेक वेळा त्याच्यासमोर उभे राहण्यापूर्वीच, आपण केलेल्या तयारीवरून ठरलेले असते. ही तयारी जनावराला दिसत नाही आणि लोकांनाही दिसत नाही. ती केवळ अल्लाह पाहतो. म्हणूनच ती अमानत आहे. अल्लाह आपणा सर्वांना मुक्या जीवांविषयी दया आणि प्रत्येक कार्यात एहसान बाळगण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.