मूलपेशींनी गुण आला, तर?



आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी आम्ही दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरोघरी जातो. त्यातल्या एका घरी कंपवाताने, म्हणजे पार्किन्सनच्या विकाराने आजारी असलेले एक आजोबा आहेत. एके काळी ते नावाजलेले सुतार होते. आज त्यांना स्वतःच्या सदऱ्याचे बटण लावता येत नाही. मागच्या भेटीत त्यांच्या मुलाने वर्तमानपत्राचे एक जपून ठेवलेले कात्रण आमच्यापुढे धरले. कंपवाताच्या १२ रुग्णांच्या मेंदूत मूलपेशींपासून तयार केलेल्या पेशी सोडल्या आणि काहींची हालचाल सुधारली, अशी ती बातमी होती. मुलगा म्हणाला, "फादर, तरुणांच्या शिबिरात तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं की, भ्रूणाच्या मूलपेशींनी आजवर एकही माणूस बरा झालेला नाही. मग हे काय?"

आम्ही तसे सांगितले होते, हे खरे. त्या काळी ख्रिस्ती वक्त्यांच्या तोंडी हा युक्तिवाद सर्रास असे आणि ऐकणाऱ्यांना तो पटकन पटेही. परंतु आता तो टिकत नाही. त्याऐवजी काय म्हणायचे, हे त्या घरी उभ्या उभ्या सांगता येण्यासारखे नव्हते. म्हणून हा लेख.

प्रथम मूलपेशी म्हणजे काय ते पाहू. डॉक्टर ज्यांना स्टेम सेल म्हणतात, त्याच या पेशी. त्यांच्यापासून शरीरातील इतर पेशी तयार होऊ शकतात. मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेत त्या असतात, बाळाच्या नाळेतल्या रक्तातही असतात. अस्थिमज्जेचे रोपण मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ पासून होत आहे. त्याने रक्ताच्या कर्करोगाच्या कितीतरी रुग्णांना जीवदान मिळाले आहे आणि ख्रिस्तसभेचा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. वाद आहे तो पाच-सहा दिवसांच्या मानवी भ्रूणातून काढलेल्या मूलपेशींचा. त्या शरीरातील जवळजवळ कोणत्याही पेशीचे रूप घेऊ शकतात, पण त्या काढून घेतल्या की तो भ्रूण मरतो.

१९९८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी हे काम प्रथम करून दाखवले. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारासाठी तयार केलेले भ्रूण संबंधित जोडप्यांनी संमतीने संशोधनाला दिले होते. त्यांतील १४ भ्रूणांमधला पेशींचा आतला पुंजका वेगळा केला गेला आणि त्यातून मूलपेशींचे पाच वंश उभे राहिले. त्यांना एच-१, एच-७, एच-९ अशी नावे पडली. कैद्याच्या बिल्ल्यासारखी ही अक्षरे वाचताना आम्हाला दरवेळी थोडे अडखळायला होते.

या पेशी प्रत्यक्ष माणसाच्या शरीरात जायला पुढे बारा वर्षे लागली. जेरॉन नावाच्या अमेरिकन कंपनीने वीस हजारांहून अधिक पानांचा अर्ज केल्यावर २००९ च्या जानेवारीत सरकारी औषध खात्याने परवानगी दिली. नंतर प्राण्यांवरील प्रयोगांत काही गाठी दिसल्याने चाचणी थांबवण्यात आली, ती २०१० मध्ये पुन्हा मोकळी झाली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अटलांटा येथील शेफर्ड सेंटरमध्ये, मज्जारज्जूला नुकतीच इजा झालेल्या पहिल्या रुग्णाला सुमारे २० लाख पेशी टोचण्यात आल्या. त्या एच-१ वंशातून तयार केलेल्या होत्या. कंबरेखालचे शरीर लुळे पडलेल्या पाच जणांना हा उपचार मिळाला. मग १४ नोव्हेंबर २०११ रोजी कंपनीने चाचणी गुंडाळली. कारण वैद्यकीय नव्हते, पैशाचे होते. या पाच जणांची दहा वर्षे तपासणी झाली. पेशींमुळे गंभीर अपाय झाल्याचे आढळले नाही, पण ते चालूही लागले नाहीत.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. चाचणीचा पहिला टप्पा उपचार सुरक्षित आहे की नाही, एवढेच पाहण्यासाठी असतो. त्यात भाग घेणारा रुग्ण पुढच्यांसाठी जोखीम पत्करतो. असा माणूस आदराला पात्र आहे, मग त्या पेशींच्या उगमाविषयी आपले मत काहीही असो.

पुढे डोळ्यांच्या विकारांत आशा दिसली. दृष्टिपटल झिजलेल्या १८ रुग्णांवरील चाचणीचा अहवाल २०१४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. ज्या डोळ्यात पेशी सोडल्या, त्यातील दृष्टी निम्म्याहून अधिक रुग्णांत काही प्रमाणात सुधारली होती. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये 'नेचर'मध्ये कंपवाताचा तो अहवाल आला. १२ रुग्णांच्या मेंदूत एच-९ वंशातून घडवलेल्या पेशी सोडण्यात आल्या होत्या. दीड वर्षात त्या पेशींमुळे गंभीर अपाय झाला नाही. जास्त मात्रा मिळालेल्यांच्या हालचालींत सरासरीने चांगली सुधारणा दिसली. रुग्ण थोडे होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून यावरून पक्का निष्कर्ष निघत नाही. पण 'यातून काही निष्पन्न होत नाही' असे आता म्हणता येणार नाही.

खरे तर आमचा जुना युक्तिवाद पहिल्यापासूनच लंगडा होता. एखादे कृत्य निष्फळ आहे म्हणून चुकीचे ठरवले, तर ते सफल होताच योग्य ठरते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला हे उमगायला हवे होते. ख्रिस्तसभेचा आक्षेप परिणामावर कधीच बेतलेला नव्हता. तो एकाच प्रश्नावर उभा आहे: जो मारला गेला, तो कोण होता?

भ्रूणात आत्मा कोणत्या क्षणी येतो, यावर १९८७ च्या 'दोनुम वीते' या व्हॅटिकनच्या दस्तऐवजाने तत्त्वज्ञानाचा निवाडा दिलेला नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तर ॲरिस्टॉटलचे जीवशास्त्र प्रमाण मानून तो काही काळाने येतो असे मानले होते. त्यांना सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता. आज आपल्याला माहीत आहे की, फलनाच्या क्षणापासून तो जीव आईपेक्षा वेगळा असतो, मानवाचाच असतो आणि स्वतःची वाढ स्वतःच चालवतो. तरीही कोणाला शंका असेल, तर मोडकळीला आलेली चाळ पाडणाऱ्या ठेकेदाराचा विचार करावा. आत कोणी आहे की नाही याची त्याला खात्री नसेल, तर तो हातोडा घालतो का? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या 'एव्हांजेलियुम वीते' या विश्वपत्रात हेच म्हटले आहे की, इथे माणूस असण्याची नुसती शक्यताही पुरेशी आहे.

"पण फादर, ते भ्रूण नाहीतरी फेकूनच द्यायचे होते ना?" हा प्रश्न त्या मुलानेही विचारला आणि तो टाळण्यासारखा नाही. आपल्या देशातही २०२१ च्या कायद्याने असे भ्रूण दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. नंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायचे. मूल व्हावे म्हणून सोसलेली अशी जोडपी आपल्या धर्मग्रामातही असतील. त्यांच्यावर दगड उचलायला आम्ही हा लेख लिहीत नाही. गोठवलेल्या भ्रूणांचा प्रश्न न्याय्य रीतीने सोडवायला मार्गच उरलेला नाही, हे खुद्द व्हॅटिकनने २००८ च्या 'दिग्नितास पेर्सोने'मध्ये मान्य केले आहे. पण आयसीयूमधला रुग्ण आज ना उद्या जाणार म्हणून त्याचे हृदय आजच काढून घेता येत नाही. नातेवाइकांनी सही केली तरी नाही, आणि ते हृदय लावून दुसरा जगणार असला तरी नाही. मृत्यूनंतर अवयवदान करणे हे प्रेमाचे कृत्य आहे. कोणी मरणार आहे म्हणून तो आपल्या मालकीचा होत नाही.

मग आजोबांनी काय करायचे? भ्रूण दुसऱ्या कोणी नष्ट केला असला आणि पेशी बाजारात विकत मिळत असल्या, तरी त्या वापरण्यात दुष्कृत्याशी सहकार्य आणि इतरांना अडखळण हे गंभीर प्रश्न उभे राहतात, असे तोच दस्तऐवज सांगतो. जबाबदारी सगळ्यांची सारखी नसते, हेही तो मानतो. प्रयोगशाळा चालवणारा आणि थरथरत्या हाताने आशेला चिकटलेला रुग्ण यांना आम्ही एका तागडीत तोलणार नाही. पण "घ्या, हरकत नाही" असेही आम्हाला म्हणता येत नाही. हे बोलताना आमचे हात थरथरत नाहीत, याची आम्हाला जाणीव आहे.

त्याच 'नेचर'च्या अंकात आणखी एक अहवाल होता. जपानच्या क्योटो विद्यापीठात कंपवाताच्या सात रुग्णांच्या मेंदूत अशाच पेशी सोडल्या गेल्या, पण त्या भ्रूणातून आलेल्या नव्हत्या. मोठ्या माणसाच्या साध्या पेशीला मागे नेऊन मूलपेशी बनवण्याची रीत तिथल्याच शिन्या यामानाका यांनी शोधली: २००६ मध्ये उंदरांत, २००७ मध्ये माणसात. २०१२ साली त्यांना नोबेल मिळाले. एका मित्राच्या दवाखान्यात त्यांनी सूक्ष्मदर्शकातून भ्रूण पाहिला आणि त्यांना आपल्या मुली आठवल्या. त्यांच्यात आणि या भ्रूणात फरक तो कितीसा, असे त्यांना वाटले. ते ख्रिस्ती आहेत म्हणून हे सांगत नाही. डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्याला काय दिसते, ते सांगतो आहोत. क्योटोच्या रुग्णांतही पेशींमुळे गंभीर अपाय झाला नाही आणि काहींची हालचाल सुधारली.

एक व्यवहाराची गोष्ट. मूलपेशींच्या नावाने लाखो रुपये घेऊन कंपवात, लकवा, मधुमेह बरा करतो म्हणणारे दवाखाने आपल्याकडेही आहेत. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, रक्ताच्या विकारांसाठीचे मान्य रोपण सोडले तर मूलपेशींचा वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो आणि अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. कोणी पैसे मागितले, तर आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. आणि या पेशी कुठून आल्या, हेही विचारा.

या शुक्रवारी आम्ही पुन्हा त्या घरी जाऊ. क्योटोच्या अहवालाचा मराठीत सारांश काढून आणा, असे मुलाने सांगितले आहे. आजोबांना तो स्वतः वाचायचा आहे, म्हणून अक्षर मोठे हवे.