टिकाऊ रोटाव्हेटरची निवड : तंत्र, जमीन आणि अर्थकारण

दहाव्या कृषी गणनेनुसार (2015-16) देशातील सरासरी धारण क्षेत्र 1.08 हेक्टर इतके होते. 1970-71 मध्ये ते 2.28 हेक्टर होते. एकूण धारकांपैकी सुमारे 86 टक्के शेतकरी अल्प व अत्यल्प भूधारक आहेत. अशा शेतकऱ्याने कर्ज काढून घेतलेले अवजार दोन हंगामांत निकामी झाले, तर यंत्र बंद पडते. हप्ते मात्र सुरूच राहतात. त्यामुळे अवजाराचा टिकाऊपणा हा केवळ अभियांत्रिकीचा विषय राहत नाही, तो ग्रामीण अर्थकारणाचाही विषय ठरतो. ट्रॅक्टरचलित रोटाव्हेटर हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

रचना व कार्य

फिरत्या पात्यांनी मशागत करण्याचे प्रयोग आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी 1912 मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स येथे सुरू केले. नांगर किंवा वखर ट्रॅक्टरच्या ओढीवर चालतो. रोटाव्हेटरला मात्र ट्रॅक्टरच्या मागील पी.टी.ओ. दांड्यावरून शक्ती मिळते. या दांड्याची प्रमाणित गती मिनिटाला 540 फेरे असते. गिअर पेटीमुळे ती कमी होऊन पात्यांचा दांडा साधारणतः 180 ते 250 फेऱ्यांनी फिरतो. पाती माती कापून मागील फळीवर आपटतात, ढेकळे फुटतात आणि एक-दोन पाळ्यांतच पेरणीयोग्य जमीन तयार होते. पाती चाकांच्या दिशेनेच फिरत असल्याने ट्रॅक्टरला पुढे रेटा मिळतो व चाके घसरण्याचे प्रमाण घटते. मात्र दगड किंवा मूळ आडवे आल्यास सर्व धक्का पाती, दांडा व गिअर यांना सोसावा लागतो. टिकाऊपणाची खरी कसोटी येथेच लागते.

निवडीचे निकष

1. अश्वशक्ती व रुंदी : सर्वसाधारणपणे 30 ते 35 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला सुमारे 1.2 मीटर, 40 ते 45 अश्वशक्तीला 1.5 मीटर आणि 50 अश्वशक्तीच्या पुढे 1.8 मीटर रुंदी योग्य मानली जाते. भारी जमिनीत एक पायरी खाली उतरणे हिताचे असते. अवजार अतिरुंद असल्यास ट्रॅक्टर दमतो व इंधन वाढते. ते फार अरुंद असल्यास मागील चाकांनी दाबलेली माती तशीच राहते.

2. पाती : ‘एल’ आकाराची पाती सर्वाधिक प्रचलित असून धसकटे व तण असलेल्या रानात ती उपयुक्त ठरतात. ओलसर व भारी जमिनीसाठी ‘सी’ आकाराची पाती वापरली जातात. बोरॉनयुक्त पोलादाची, योग्य उष्णताप्रक्रिया केलेली पाती अधिक काळ टिकतात. पाते केवळ कठीण असून चालत नाही, कारण अतिकठीण पाते दगडावर तुटते आणि मऊ पाते वाळूमिश्रित जमिनीत लवकर झिजते. कठीणपणा व चिवटपणा यांचा मेळ आवश्यक असतो.

3. शक्तिवहन : बाजूच्या पेटीत गिअर किंवा साखळी असते. साखळीचे यंत्र तुलनेने स्वस्त असते. परंतु साखळी सैल होत असल्याने वेळोवेळी ताण द्यावा लागतो. सततच्या व जड कामासाठी गिअर अधिक भरवशाचे असतात. अनेक गतींची गिअर पेटी असल्यास पीक व जमिनीनुसार गती बदलता येते.

4. संरक्षण : जास्त भार आल्यास स्वतः तुटणारा बोल्ट किंवा घसरणारा क्लच मुख्य गिअर वाचवतो. तुटलेल्या बोल्टच्या जागी अधिक मजबूत बोल्ट बसवणे म्हणजे काही रुपयांसाठी गिअर पेटी धोक्यात घालणे होय. चिखलणीसाठी यंत्र वापरायचे असल्यास बेअरिंगचे सील उत्तम असावे लागतात. चिखल आत शिरला की बेअरिंग निकामी होते.

5. चाचणी व सेवा : मध्य प्रदेशातील बुदनी, हरियाणातील हिसार, आंध्र प्रदेशातील गार्लादिन्ने व आसाममधील विश्वनाथ चारिआली येथे केंद्र शासनाच्या कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहेत. तेथील चाचणी अहवालात पात्यांची झीज, कठीणपणा, आढळलेले बिघाड यांची नोंद असते. खरेदीपूर्वी हा अहवाल पाहणे आणि सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात का, याची खात्री करणे ही दोन कामे जाहिरातीपेक्षा मोलाची आहेत.

एक गणित

रुंदी 1.5 मीटर आणि वेग ताशी 3 किलोमीटर असल्यास सैद्धांतिक कार्यक्षमता (1.5 × 3) ÷ 10 = 0.45 हेक्टर प्रतितास येते. वळणे व थांबे धरून 80 टक्के कार्यक्षमता मानल्यास प्रत्यक्ष काम 0.36 हेक्टर होते. म्हणजे एक एकरास (0.405 हेक्टर) सुमारे 1 तास 8 मिनिटे लागतात. एक हेक्टरच्या धारकाकडे एका पाळीत हे यंत्र तीन तासांपेक्षा कमी काळ चालेल. उरलेला काळ ते उभेच राहील. स्वतःच्या मालकीपेक्षा भाडेतत्त्वावरील यंत्र अनेकांना परवडते, ते यामुळेच.

जमिनीची मर्यादा

रोटाव्हेटर प्रामुख्याने 10 ते 15 सेंटिमीटर खोलीपर्यंत काम करतो. दरवर्षी त्याच खोलीवर तो चालवल्यास खाली कठीण थर तयार होतो. पाणी मुरत नाही व मुळे खोल जात नाहीत. माती पिठासारखी बारीक झाल्यास पावसानंतर पृष्ठभागावर पापुद्रा धरतो. हरळीसारख्या तणाच्या मुळ्यांचे तुकडे होऊन ते रानभर पसरू शकते. म्हणून वाफशावरच काम करावे, पाळ्या मर्यादित ठेवाव्यात व गरजेनुसार काही वर्षांनी खोल नांगरट करावी.

धोरणात्मक बाजू

कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान 2014-15 मध्ये सुरू झाले आणि 2022-23 पासून त्याचा समावेश राष्ट्रीय कृषी विकास योजनेत करण्यात आला. त्याअंतर्गत वैयक्तिक खरेदीस प्रवर्गानुसार 40 ते 50 टक्के अनुदान, तसेच भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांना साहाय्य अशी तरतूद आहे. सप्टेंबर 2025 मध्ये मशागतीच्या यंत्रांवरील वस्तू व सेवा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आणण्यात आला.

अनुदान व करकपात यांमुळे खरेदीचा भार हलका होतो. झिजलेली पाती व हंगामात वाया गेलेले दिवस यांची भरपाई मात्र त्यातून होत नाही. म्हणून यंत्राचे मूल्य केवळ खरेदीच्या किमतीवर ठरवता येत नाही. किंमत, इंधन, देखभाल व आयुष्य यांची बेरीज करून प्रति हेक्टर खर्च काढणे हाच योग्य मार्ग होय. यांत्रिकीकरणाचे यश यंत्रांच्या संख्येपेक्षा ती किती काळ, किती क्षेत्रावर आणि जमिनीचा पोत राखून चालतात, यावरच मोजले गेले पाहिजे.