बाह्यरुग्ण शस्त्रकर्म, वेदना आणि आभासी वास्तव

भगंदराच्या रुग्णास पहिल्या दिवसापेक्षा पुढे दर आठवड्यास क्षारसूत्र बदलण्याचेच भय अधिक वाटते, हा अनुभव बहुतेक शल्यवैद्यांस असेल. दोन-तीन सूत्रांनंतर रुग्ण येणे बंद करतो आणि चिकित्सा अर्धवट राहते.

मन अणु व एक आहे. ते एकाच वेळी अनेक विषयांत प्रवृत्त होत नाही, असे चरकसंहिता सांगते. मित्रांनी गोष्टी सांगून व्रणवेदनेचा विसर पाडावा, हा सुश्रुतांच्या व्रणितोपासनीय अध्यायातील उपदेश याच तत्त्वावर उभा आहे. आभासी वास्तवाचे उपकरण नेत्र व श्रोत्र दोन्ही एकदम व्यापते. रुग्णाने मान वळविली की दृश्यही वळते, त्यामुळे मन सहजी परत येत नाही. अमेरिकेत सिएटल येथे हॉफमन व पॅटरसन यांनी दग्धव्रणांच्या उपचारावेळी रुग्णांस 'स्नोवर्ल्ड' हे हिममय दृश्य दाखविले. 

दिवसभरात घरी जाणाऱ्या रुग्णांविषयी बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस रुग्णालयातील अभ्यास (२०२२) महत्त्वाचा आहे. हाताच्या शस्त्रकर्माचे ३४ रुग्ण त्यात होते. नेहमीच्या गटास ताशी सरासरी ७५०.६ मिलिग्रॅम प्रोपोफॉल लागले. आभासी दृश्य पाहणाऱ्यांस १२५.३. वेदना व समाधान मात्र दोन्ही गटांत सारखेच होते. परंतु दुसऱ्या गटास स्थानिक भूल अधिक दिली गेली होती, तेव्हा सारे श्रेय चष्म्यास देणे घाईचे ठरेल. हे उपकरण संज्ञाहरण नव्हे. ज्या सूत्रबदलास भूल लागते, तेथे ती द्यावीच.

आपल्या कक्षात रुग्ण उताणा, पाय वर घेऊन असतो. हालचाल करावयास लावणारा खेळ येथे निरुपयोगी. संथ दृश्यच निवडावे. डोळे झाकलेल्या रुग्णास अकस्मात स्पर्श झाला तर तो अधिक दचकतो, म्हणून प्रत्येक स्पर्शापूर्वी बोलावे आणि त्यासाठी आवाज मंद ठेवावा. अपस्मार, भ्रम, छर्दीची प्रवृत्ती किंवा नेत्राभिष्यंद असल्यास उपकरण वापरू नये. चेहऱ्यास लागणारी गादी प्रत्येक रुग्णानंतर निर्जंतुक करावी.

उपकरण परवडत नसेल, तर धीर देत बोलत राहणारा परिचारक जवळ उभा करावा. चरकांच्या रुग्णागारात गायन व कथाकथनात कुशल परिचारक सांगितलेलेच आहेत. पहिल्या सूत्रबदलाच्या आधी रुग्णास एकदा कक्षाबाहेर बसवून उपकरण लावून पाहावे. घेरी येते की नाही, हे तेथेच कळते.