दंड आणि खर्च : बडोद्याच्या एका कायद्याचा अभ्यास

समाजसुधारणेचा कायदा करणे सोपे, तो अंमलात आणणे अवघड, असे आपण नेहमी ऐकतो. पण गाडे नेमके कोठे अडते, हे क्वचितच सांगितले जाते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्याने मला प्रत्येक गोष्ट जमाखर्चाच्या वहीत मांडून पाहण्याची सवय जडली आहे. त्याच सवयीने प्रस्तुत लेखात मी बडोदे संस्थानच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचा विचार करणार आहे.

महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९०४ साली हा कायदा केला. मुलीचे वय किमान १२ व मुलाचे १६ असावे, असे त्यात ठरले. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा यायला १९२९ साल उजाडावे लागले. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे म्हैसूर संस्थानाने त्याही आधी, १८९४ साली, आठ वर्षांखालील मुलींच्या विवाहास बंदी घातली होती. म्हणजे या बाबतीत दोन्ही संस्थाने इंग्रज सरकारच्या पुढे होती.

आता बडोद्यातील परिस्थिती पाहू. संस्थानच्या उत्तर भागातील कडवा पाटीदार समाजात लग्नाचा मुहूर्त सुमारे दहा वर्षांनी एकदाच निघे. तो मुहूर्त उंझा येथील उमिया मातेच्या देवस्थानातून जाहीर होई. तो चुकला तर पुढची दहा वर्षे थांबायचे, म्हणून पाळण्यातल्या मुलांचीही लग्ने उरकली जात. एका घरातील चार मुलांची लग्ने एकाच मांडवात झाली की वाजंत्री एक, जेवणावळ एक आणि आहेरही एकदाच!

कायदा मोडणाऱ्या पालकाला १०० रुपयांपर्यंत दंड होता. शिवाय काही कारणे दाखवून आधी परवानगी मिळवण्याची सोयही होती. आता वही उघडू या. एका बाजूला चार लग्ने एकत्र केल्याने होणारी बचत व जातीतली पत. दुसऱ्या बाजूला दंड. हिशेबी माणूस काय करील? मांडवखर्च, भटजींची दक्षिणा यांच्याखाली तो ‘सरकारी दंड’ अशी आणखी एक रक्कम लिहील. तसेच झाले. दंड वसूल होत राहिले आणि लग्नेही होत राहिली. दंडाचे रूपांतर शुल्कात झाले.

पण माझ्या मते दंडाची रक्कम लहान होती, एवढाच दोष नव्हता. दंड भरला सासऱ्याने वा बापाने, जमा झाला सरकारी तिजोरीत. जिचे लग्न झाले तिच्या खाती काय जमा झाले? काहीच नाही. कारण दंड भरल्यावरही विवाह कायम राहत असे. १९२९ च्या शारदा कायद्यातही हीच उणीव राहिली. १९७८ साली वयाची मर्यादा मुलीसाठी १८ व मुलासाठी २१ झाली, तरीही ही उणीव भरून निघाली नाही.

२००६ च्या कायद्याने प्रथमच त्या मुलीला देशभर स्वतःचा हक्क दिला. लग्नाच्या वेळी अज्ञान असलेली व्यक्ती न्यायालयात जाऊन तो विवाह रद्द करून घेऊ शकते. मात्र सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज केला पाहिजे. म्हणजे मुलीसाठी विसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत. मी नुकतीच वीस पूर्ण केली. माझ्याच वयाच्या, पंधराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला आज हे दार बंद आहे. अठरा ते वीस या वयात, सासरी राहून, हाती पैसा नसताना, ती वकील कोठून गाठणार?

कर्नाटकाने दुसरी वाट धरली. २०१७ पासून तेथे होणारा बालविवाह मुळातच रद्दबातल ठरतो. ही तरतूद निश्चित अधिक कडक आहे. पण मूल झालेल्या मुलीची पोटगी आणि त्या मुलाचे हक्क तितक्याच ठामपणे सांभाळले गेले, तरच ती हिताची ठरेल.

परवानगीच्या पळवाटेचा प्रश्न केवळ आपला नव्हे. अमेरिकेत विवाहाचे वय प्रत्येक राज्य ठरवते. पालकांच्या संमतीने किंवा न्यायाधीशाच्या परवानगीने अठराच्या आतील लग्न लावण्याची सवलत तेथे सर्वत्र होती. ती पूर्णपणे बंद करणारी पहिली राज्ये डेलावेअर व न्यू जर्सी, आणि तीही २०१८ साली! तेव्हा १९०४ च्या बडोद्याला आपण फार दोष देऊ नये.

२०२१ च्या डिसेंबरात मुलीचे वय २१ करण्याचे विधेयक लोकसभेत आले. त्यावर चहूकडे वाद झाला. अठराव्या वर्षी मत देणाऱ्या मुलीला लग्नाचा निर्णय का घेता येऊ नये, हा आक्षेप मलाही पटतो. परंतु त्याच विधेयकात अर्जाची मुदत दोनवरून पाच वर्षे करण्याचे कलम होते, त्याची चर्चा फारशी कोणी केली नाही. २०२४ साली लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. वादग्रस्त कलमाबरोबर निर्विवाद कलमही बुडाले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४७.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २३.३ टक्क्यांवर आले. गुजरात २१.८ व महाराष्ट्र २१.९, म्हणजे दोघेही जवळजवळ सारखेच. ही घट केवळ दंडाने झाली असे मला वाटत नाही. शाळेचा वाटा त्यात मोठा असावा. सयाजीरावांनीही १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि त्यात मुलींनाही घेतले, हे येथे विसरता कामा नये.

माझी सूचना साधी आहे. वयाचा वाद चालू राहू द्यावा. पण मुदतवाढीचे कलम वेगळे काढून पुन्हा मांडावे. तेवीस वर्षांची मुलगी शिकलेली असेल, कदाचित कमावतीही असेल. न्यायालयाची पायरी चढायला तिला ती तीन वर्षे मिळालीच पाहिजेत.