एकाच नियमाच्या अनेक प्रती : आज्ञावलीतील द्विरुक्ती व तिचे निवारण

आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ हे सीमाभागातील गाव होय. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ व किनवट तालुका तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि १९६० पासून ते महाराष्ट्रात आहेत. बोथ आंध्र प्रदेशात राहिले व २०१४ पासून ते तेलंगणात आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंस जमीन असलेल्या कुटुंबास त्यामुळे दोन प्रकारचे उतारे सांभाळावे लागतात. तेलंगणातील पहाणीत क्षेत्र एकर व गुंठ्यांत असते, तर महाराष्ट्राच्या सातबारावर ते हेक्टर व आर यांत असते.

अशा कुटुंबांसाठी एक संकेतस्थळ तयार करावयाचे आहे, असे समजू. त्यात उतारा दाखविणारे, पीककर्जाचा अर्ज घेणारे व पीकनुकसानीची नोंद करणारे अशी तीन पाने आहेत. एकराचे हेक्टर करण्याचा हिशेब तिन्ही पानांवर स्वतंत्रपणे लिहिला, तर काय होईल ते पाहावे.

द्विरुक्तीचे दुष्परिणाम

५ एकर २० गुंठे म्हणजे २२० गुंठे, अर्थात साडेपाच एकर. त्याचे सुमारे २.२२६ हेक्टर होतात. पहिल्या पानावर हा हिशेब बरोबर आहे. दुसऱ्या पानावर एका हेक्टरास अडीच एकर धरल्याने उत्तर २.२० हेक्टर येते व सुमारे अडीच गुंठे कमी भरतात. तिसऱ्या पानावर ५ एकर २० गुंठे ही नोंद ५.२० एकर अशी वाचली गेल्याने तब्बल १२ गुंठे नाहीसे होतात. जमीन जागच्या जागीच असते. परंतु नुकसानभरपाई कागदावरील आकड्यानुसार मिळते. शिवाय एका पानावरील चूक दुरुस्त केली, तरी इतर पानांवरील चूक तशीच राहते.

क्लास म्हणजे काय?

माहिती आणि तिच्यावर चालणारे नियम एकत्र बांधण्याच्या पद्धतीस ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धती म्हणतात. तिचा उगम नॉर्वेमध्ये तयार झालेल्या सिम्युला ६७ या संगणक-भाषेत आढळतो. जावा, पीएचपी, पायथन या भाषांत आज ती वापरली जाते. क्लास हा कोऱ्या छापील नमुन्यासारखा असतो, तर ऑब्जेक्ट ही त्या नमुन्यात भरलेली एक नोंद असते.

वरील उदाहरणात ‘क्षेत्र’ नावाचा एक क्लास करावा. ४० गुंठ्यांचा एक एकर व १०१.१७ चौरस मीटरचा एक गुंठा हे नियम केवळ त्यातच असावेत. तिन्ही पानांनी स्वतः हिशेब न करता ‘क्षेत्र’ क्लासकडून उत्तर घ्यावे. तसेच गाव, सर्व्हे किंवा गट क्रमांक व खातेदार या समान बाबी ‘भूमी-नोंद’ या मूळ क्लासमध्ये ठेवाव्यात. ‘पहाणी’ व ‘सातबारा’ हे क्लास त्या बाबी वारशाने घेतील आणि प्रत्येकाने आपापला वेगळेपणा तेवढा सांगावा.

घ्यावयाची दक्षता

दोन गोष्टी सारख्या दिसतात, एवढ्यावरून त्या एकत्र करू नयेत. मुद्रांक शुल्काचे दर प्रत्येक राज्य स्वतः ठरविते. दोन राज्यांचे दर योगायोगाने जुळले, तरी ते स्वतंत्रच लिहावेत; अन्यथा एका राज्याने दर बदलताच दुसऱ्याचा हिशेब चुकेल. ज्या गोष्टी एकाच कारणाने एकाच वेळी बदलतात, त्यांचीच एक प्रत ठेवावी. प्रत्येक ज्ञानास एकच अधिकृत जागा असावी, हे तत्त्व अँड्र्यू हंट व डेव्हिड थॉमस यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात मांडले. त्याचा रोख अक्षरांच्या साम्यापेक्षा नियमाच्या एकत्वावर आहे.

जुन्या आज्ञावलीत सुधारणा करताना पुढील क्रम पाळावा :

१. ज्यांची उत्तरे हाताने काढून पडताळली आहेत, अशा उदाहरणांची चाचणी आधी लिहावी. उदाहरणार्थ, ३९ गुंठे व १ गुंठा मिळून १ एकर यावा.
२. नियमाच्या सर्व प्रती शोधून त्यांतील फरक लिहून काढावेत.
३. एकेक पान नव्या क्लासकडे वळवावे व प्रत्येक वेळी चाचणी घ्यावी.
४. शेवटी जुन्या प्रती काढून टाकाव्यात.

संकेतस्थळ तयार करून घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी काम स्वीकारण्यापूर्वी क्षेत्राचा हिशेब आज्ञावलीत किती ठिकाणी आहे, हे अवश्य विचारावे. शिक्षकांना हा पाठ गुंठे-एकराच्या गणितातूनच आरंभता येईल. खातेदारांनीही एकाच जमिनीचे आकडे निरनिराळ्या पानांवर ताडून पाहावेत व तफावत आढळल्यास ती लेखी कळवावी.