बोकड निवडा पारखून, जोडी लावा विचार करून

नागपूर शहरात मोमिनपुऱ्यापासून ताजबागपर्यंत अनेक बांधव धंद्याच्या जोडीला दोन-चार बकऱ्या पाळतात. बकरी ईदला घरचा बोकड विकून चार पैसे मिळावेत, हा हेतू. पण बकरी माजावर आली की शेजारचा जो बोकड हाताशी असेल तो लावला जातो. नुकसान येथेच सुरू होते. म्हणून जोडी लावण्याचे काही नियम आम्ही येथे देत आहोत.

१) नाते पाहा. बापाला लेक लावू नये. एकाच रक्तात दडलेले दोष पिल्लात एकत्र येतात. करडे अशक्त निघतात, मरतूक वाढते. हिशेब सोपा आहे. बकरी ५ महिन्यांनी विते आणि तिची पाठ वर्षाची झाली की माजावर असते. म्हणजे नवा बोकड आणल्यापासून १७ महिन्यांत त्याच्या लेकी त्याच्यासमोर उभ्या राहतात. त्याआधी बोकड बदलावा, किंवा दूरच्या पाळणाऱ्याशी अदलाबदल करावी.

२) आकार जुळवा. आपली वऱ्हाडातील बेरारी बकरी मध्यम बांध्याची. पहिलटकर पाठीला जमनापारीसारखा धिप्पाड बोकड लावल्यास करडू मोठे होऊन अडण्याची भीती असते. पाठीचे वजन पूर्ण वाढलेल्या बकरीच्या निदान ६० टक्के झाल्यावरच तिला फळवावे.

३) शिंगे पाहा. जन्मतः बिनशिंगी जनावराची कुर्बानी जायज आहे, म्हणून कोणी दोन्ही बाजू बिनशिंगी घेतात. सानेन या स्विस जातीत असे सिद्ध झाले आहे की, दोन्हीकडून हा गुण मिळालेली मादी नरासारखी होते व वांझ राहते. उस्मानाबादी बकऱ्याही पुष्कळदा बिनशिंगी असतात. तेव्हा जोडीत एक तरी जन्मतः शिंगवाला असावा, हे उत्तम.

४) बोकडाची आई पाहा. जुळी देणारी, भरपूर दूध पाजणारी असावी. बोकडाचे दोन्ही अंड सारखे असावेत. २० ते २५ बकऱ्यांना एक बोकड पुरे.

वेळेचे गणितही मांडावे. माज साधारण २१ दिवसांनी येतो व दीड दिवसापर्यंत टिकतो. सुरू झाल्यावर १२ तासांनी बोकड दाखवावा. कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण लागते. म्हणून ज्या ईदला विकायचे, तिच्या सुमारे १८ महिने आधी जोडी लागली पाहिजे. ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते, हे विसरू नये.

एका वहीत प्रत्येक जोडी, तारीख व करडांची नोंद ठेवा. शंका आल्यास नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारावे. ऐब लपवून जनावर विकणे शरीयतला मंजूर नाही, आणि व्यापारालाही परवडत नाही. वही नीट असेल तर गिऱ्हाईकाला खरे सांगता येते. आणि खरे सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुढच्या ईदलाही येते, इन्शाअल्लाह.