परदेशांतील शोभेचीं झाडें आणि आपला बांध

महसूल खात्यांतील कारकुनी संपल्यावर श्रीलंकेस जाण्याचा योग आला. तेथें कँडीजवळ पेरादेनिया येथें महावेली नदीच्या वळणांत १८२१ सालीं स्थापन झालेली सरकारी वनस्पतिबाग आहे; क्षेत्र सुमारें १४७ एकर. (जुन्या संवयीनें मीं आधीं क्षेत्रच विचारलें!) सेशेल्स बेटांवरील जोडनारळ प्रथम तेथेंच पाहिला. वनस्पतिसृष्टींतील सर्वांत मोठें बीं याचें. फळ पिकण्यास सहा-सात वर्षें लागतात. पुढें राजे झालेल्या पांचव्या जॉर्जनीं १९०१ सालीं लावलेलें कैलासपतीचें झाडहि पाहिलें. याचीं फुलें व तोफेच्या गोळ्यासारखीं फळें थेट खोडावर लागतात.

परततांना एका फुलवेलीची कांडी पिशवींत टाकावी असा मोह झाला. परंतु बागेबाहेरच्या टेकडीवर आपली घाणेरी फुलांनीं डवरलेली दिसली आणि हात आवरला. हीहि मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील. श्रीलंकेंत १८२६ सालीं शोभेकरितां याच बागेच्या द्वारें आली. पांखरें तिचीं काळीं फळें खातात व बीं रानोमाळ पडतें. पाला खाल्लेल्या गुरांस कावीळ होते, उन्हांत कातडी सुजते व फाटते. तळीं भरून टाकणारी जलपर्णीहि फुलांच्याच हौसेनें दक्षिण अमेरिकेबाहेर पडली.

प्रवासास निघणाऱ्या बंधूंनीं ध्यानांत ठेवावें कीं, २००३ च्या केंद्र सरकारच्या आदेशान्वयें आयात-परवाना व त्या देशाचा रोगमुक्ततेचा दाखला यांवांचून लागवडीचें बीं अथवा कलम परदेशांतून आणतां येत नाहीं. ज्यांच्या बांधावर घाणेरी आहे त्यांनीं ती फळें काळीं होण्यापूर्वीं मुळासकट खणावी; नुसती छाटल्यास खालून पुन्हां फुटते.